बँक अधिकारी भरतीतील गटचर्चा : पात्रता, कागदपत्रे आणि उमेदवार नेमके कुठे अडतात

मुख्य परीक्षेचा निकाल लागला की उमेदवार गटचर्चेच्या विषयांच्या याद्या जमवू लागतो आणि बोलावणेपत्राला जोडलेली कागदपत्रांची यादी मात्र जाण्याच्या आदल्या रात्री उघडतो. हा क्रम उलटा आहे. गटचर्चेच्या खोलीत जाण्यापूर्वी कागदपत्र पडताळणीचे टेबल लागते, आणि दोन परीक्षा पार करून आलेला उमेदवार तेथे एखाद्या दाखल्याच्या नमुन्यावरून किंवा तारखेवरून अडलेला पाहणे फार क्लेशकारक असते. कारण त्या दिवशी, त्या टेबलावर, कोणाच्याही हातात काही उरलेले नसते.

प्रथम आपल्या भरतीत गटचर्चा आहे की नाही, हे पाहावे. आयबीपीएस या बँकांसाठी सामाईक भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत होणाऱ्या परिविक्षाधीन अधिकारी (पीओ) भरतीत गटचर्चा नाही. तेथे मुख्य परीक्षेनंतर १०० गुणांची मुलाखत असते, तीत किमान ४० टक्के (अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी व दिव्यांग उमेदवारांसाठी ३५ टक्के) गुण मिळवावे लागतात आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचे प्रमाण ८०:२० असते. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड ‘बी’ अधिकारी भरतीतही गटचर्चा होत नाही. ती होते प्रामुख्याने स्टेट बँकेच्या पीओ भरतीत, जिथे तिला आता ‘ग्रुप एक्सरसाइज’ म्हणतात. याशिवाय काही राष्ट्रीयीकृत बँका विशेषज्ञ किंवा स्थानिक अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र जाहिराती काढतात, आणि त्यांत गटचर्चा व मुलाखत या दोन्ही किंवा दोहोंपैकी एक घेण्याचा अधिकार बँक स्वतःकडे राखून ठेवते. अशा जाहिरातीला अर्ज करणाऱ्याने दोन्हींची तयारी ठेवणेच बरे, कारण अंतिम निर्णय कळेपर्यंत हाताशी फारसा वेळ नसतो.

स्टेट बँकेच्या अलीकडच्या जाहिरातींनुसार तिसऱ्या टप्प्यात मानसशास्त्रीय चाचणी, २० गुणांची ग्रुप एक्सरसाइज आणि ३० गुणांची मुलाखत असते. पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. मुख्य परीक्षेचे २५० गुण (वस्तुनिष्ठ २०० व वर्णनात्मक ५०) ७५ गुणांवर आणि तिसऱ्या टप्प्याचे ५० गुण २५ गुणांवर आणले जातात. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. मुख्य परीक्षेतील एक गुण अंतिम यादीत ०.३ होतो, तर ग्रुप एक्सरसाइजमधील एक गुण ०.५ होतो, म्हणजे गटात बसून गमावलेले पाच गुण भरून काढायला मुख्य परीक्षेत आठांहून अधिक गुण जास्त असावे लागतात. ‘वीसच तर गुण आहेत’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. शिवाय दुसऱ्या (म्हणजे मुख्य परीक्षेच्या) आणि तिसऱ्या टप्प्यात स्वतंत्रपणे पात्र ठरावे लागते, त्यामुळे मुख्य परीक्षेतील भरघोस गुण तिसऱ्या टप्प्यातील कमतरता झाकू शकत नाहीत.

पात्रतेचे मूळ नियम सरळ आहेत : कोणत्याही शाखेची पदवी, वय स्टेट बँकेसाठी २१ ते ३० आणि आयबीपीएससाठी २० ते ३० वर्षे, ओबीसींना ३ व अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत. स्टेट बँकेत खुल्या आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गाला चारच वेळा परीक्षा देता येते, ओबीसींना सात वेळा. वय कोणत्या तारखेला मोजायचे ते जाहिरातीत दिलेले असते.

पदवीच्या बाबतीत मात्र घोळ होतो. आयबीपीएसच्या भरतीत पदवीचा निकाल अर्ज भरण्याच्या अंतिम मुदतीपर्यंत जाहीर झालेला असावा लागतो. स्टेट बँक शेवटच्या वर्षाला किंवा सत्राला असलेल्यांनाही तात्पुरता अर्ज करू देते, पण जाहिरातीत दिलेल्या पुढच्या एका तारखेपर्यंत उत्तीर्ण झाल्याचा पुरावा मुलाखतीच्या वेळी मागते. एका भरतीचा नियम दुसरीला लावून अर्ज करणारे दरवर्षी निघतात. दुसरे असे की येथे महत्त्व असते ते निकाल जाहीर झाल्याच्या तारखेला. पदवीदान समारंभ कधी झाला किंवा गुणपत्रिका महाविद्यालयात कधी वाटली, याला नाही. आपल्याकडच्या अनेक गुणपत्रिकांवर छपाईची तारीख असते, निकालाची नसते, आणि छपाई मुदतीनंतरची असली की प्रश्न उभा राहतो. उपाय एकच : विद्यापीठाकडून किंवा महाविद्यालयाकडून निकाल अमुक तारखेला जाहीर झाला असे लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून घ्यावे. परीक्षा विभागातील कर्मचारी ‘असे पत्र आम्ही देत नाही’ असे सांगतात. तेव्हा जाहिरातीतील संबंधित परिच्छेदाची छापील प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. श्रेणी पद्धतीने पदवी मिळालेल्यांनी टक्केवारीत रूपांतर करण्याचे विद्यापीठाचे सूत्रही याच खेपेत मागून ठेवावे.

सर्वाधिक उमेदवार अडतात ते ओबीसी दाखल्यावर. राज्याच्या भरतीसाठी किंवा महाविद्यालयीन प्रवेशासाठी काढलेले नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र बँकेत चालत नाही. बँकेला केंद्र सरकारच्या नमुन्यातील दाखला लागतो, ज्यात जातीची नोंद आणि उन्नत गटात न मोडण्याचा उल्लेख एकाच कागदावर असतो. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्या मजकुरात केंद्राच्या कार्मिक विभागाच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या ज्ञापनाचा उल्लेख असतो. तो नसेल तर दाखला कितीही नवा असो, तो आपल्या कामाचा नाही. सेतु केंद्रावर ‘सेंट्रलचा दाखला हवा’ असे स्पष्ट सांगितले नाही तर सवयीने राज्याचाच अर्ज भरला जातो, आणि चूक लक्षात येते ती पुष्कळ दिवसांनी, दाखला हातात पडल्यावर. म्हणून जाहिरातीच्या शेवटी दिलेला नमुना छापून सोबत न्यावा आणि दाखला मिळताच तेथेच उभे राहून ओळ न् ओळ ताडून पाहावी. दाखल्याची तारीखही बँकेने दिलेल्या कालावधीत बसली पाहिजे. राज्याचे प्रमाणपत्र तीन वर्षांचे असल्याने अनेकांना वाटते की हेही तीन वर्षे चालेल. तसे नाही, बँका बहुधा चालू आर्थिक वर्षात काढलेला दाखला मागतात.

याच ठिकाणी महाराष्ट्रातील उमेदवारांची आणखी एक अडचण आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग आहेत. बँकेच्या अर्जात ते सापडत नाहीत, म्हणून उमेदवार अंदाजाने काहीतरी निवडतो. अंदाज करू नये. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर केंद्रीय ओबीसी यादी राज्यनिहाय दिलेली आहे. तीत आपल्या जातीची नोंद पाहावी आणि तिचे लेखन दाखल्यावरील लेखनाशी जुळते का तेही तपासावे. राज्याने २०२४ मध्ये मराठा समाजाला दिलेले एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय आणि बँक भरतीला लागू नाही. त्या प्रवर्गातील उमेदवाराने खुल्या गटातून, किंवा अटी पूर्ण होत असल्यास आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करावा. कुणबी नोंद असलेल्यांना केंद्राच्या नमुन्यात ओबीसी दाखला काढता येतो. अर्ज भरताना निवडलेला प्रवर्ग नंतर बदलून मिळत नाही, हे जाहिरातीत लिहिलेले असूनही बदलाच्या विनंत्या दरवर्षी जातात आणि दरवर्षी फेटाळल्या जातात.

आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राबाबत वर्षाचा गोंधळ होतो. ते मागील आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर आधारलेले आणि जाहिरातीत सांगितलेल्या वर्षासाठी वैध असावे लागते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असणे पुरेसे नाही. ५ एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन अथवा १,००० चौरस फूट किंवा त्याहून मोठी सदनिका असल्यास उत्पन्न कितीही कमी असले तरी प्रमाणपत्र मिळत नाही. कोरडवाहू पाच एकरांतून घर चालत नाही, हे मान्य. नियमाला मात्र जमीन कोरडवाहू आहे की बागायती याच्याशी देणेघेणे नाही.

नावातील फरक ही वरवर किरकोळ वाटणारी पण दारातूनच परत पाठवणारी बाब आहे. बोलावणेपत्रावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. विवाहानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी राजपत्रातील प्रसिद्धी, विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र मूळ स्वरूपात सोबत ठेवावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पदवीवर आईचे नावही, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी असतो. अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घेणे हाच त्यातल्या त्यात कमी त्रासाचा मार्ग आहे. शिधापत्रिका आणि शिकाऊ वाहन परवाना ओळखपत्र म्हणून सहसा स्वीकारले जात नाहीत. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातील नोकरदारांनी ना हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज मुख्य परीक्षा देऊन आल्याबरोबर करावा, कारण ते देणाऱ्या कार्यालयाला उमेदवाराच्या मुलाखतीची घाई नसते.

आता प्रत्यक्ष गटचर्चेविषयी. पूर्वीच्या जीडीत (ग्रुप डिस्कशनमध्ये) ‘खासगीकरण हवे की नको’ असा विषय देऊन दोन बाजूंनी वाद घडत असे, आणि शिकवणी वर्ग अजूनही त्याच पद्धतीने सराव घेतात. ग्रुप एक्सरसाइजमध्ये बहुधा एक छापील प्रसंग दिला जातो, तो वाचून स्वतःचा विचार करायला थोडा वेळ मिळतो आणि मग साधारण सात-आठ ते दहा जणांच्या गटाने ठरलेल्या वेळेत एकमताने निर्णयावर यायचे असते. समजा, प्रसंग असा आहे : शाखेत तीनच कर्मचारी हजर आहेत, निवृत्तिवेतनाचा दिवस असल्याने रांग बाहेरपर्यंत गेली आहे, एटीएम बंद पडले आहे, दुपारी बचत गटांचा कर्ज मेळावा आहे, आणि एक ग्राहक फोनवर ओटीपी सांगून बसल्याने खात्यातून पैसे गेल्याची तक्रार घेऊन आला आहे. कामांचा क्रम लावा. येथे ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या सहानुभूतीने चर्चा रांगेपासून सुरू होते आणि बराच काळ तेथेच घुटमळते. त्या वेळी जो उमेदवार शांतपणे सांगतो की फसवणुकीच्या तक्रारीत मिनिटे मोजावी लागतात, आधी खाते गोठवून सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर नोंद करायला लावू, त्यासाठी एकच कर्मचारी लागेल, उरलेले दोघे रांग सांभाळतील, त्याने गटाला निर्णयाजवळ नेलेले असते. त्याने चार वाक्ये बोलली तरी पुरतात.

म्हणून ‘सर्वांत आधी बोला आणि शेवटी समारोप तुम्हीच करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला घातक वाटतो. दहा जणांना तोच सल्ला मिळालेला असला की पहिल्या मिनिटाला दहा जण एकदम बोलू लागतात, आणि परीक्षकांपुढे उरतो तो नुसता गलबला. प्रसंगातील एखादी अट इतरांच्या नजरेतून सुटली असेल तर ती दाखवणे, दोघांच्या मतांतील समान भाग काढून पुढे सरकणे, वेळ संपत आल्याची जाणीव करून देणे, आणि स्वतःचा मुद्दा चुकीचा ठरल्यास तो सोडून देणे, या गोष्टी शाखा चालवायला लागतात आणि येथेही त्याच पाहिल्या जातात. अबोल उमेदवाराकडे वळून त्याचे मत विचारणे चांगलेच, पण ते खरोखर ऐकायची तयारी असेल तरच. पाठ केलेले सौजन्य लगेच ओळखू येते.

सराव एकट्याने आरशासमोर होत नाही. सहा-सात जण जमवावेत, प्रसंग छापून वाटावा, घड्याळ लावावे आणि एकाने फक्त नोंदी कराव्यात : कोणी कोणाला तोडले, कोणता मुद्दा हवेत राहिला, निर्णय झाला की नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांची इंग्रजीची धास्ती मोठी असते. त्यांनी भाषेविषयीच्या सूचना बोलावणेपत्रात आधी वाचाव्यात आणि इंग्रजीत बोलायचे असल्यास छोटी, पूर्ण वाक्ये बोलण्याची सवय लावावी. आकडे सांगायचे तर खात्रीचेच सांगावेत. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे, हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक (एनपीए) ठरते, शेती व लघुउद्योगांसारख्या प्राधान्य क्षेत्राला ४० टक्के कर्जवाटपाचे उद्दिष्ट आहे, एवढे जरी पक्के असले तरी बोलण्याला वजन येते. ठोकून दिलेला आकडा मात्र पुढे मुलाखतीतही त्रास देऊ शकतो.

निवड झाल्यानंतरची एक बाब बहुतेकांच्या ध्यानात नसते. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेल्या, किंवा सिबिलचा (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा) अहवाल प्रतिकूल असलेल्या उमेदवाराची नियुक्ती बँका अडवतात. शैक्षणिक कर्जाचे राहून गेलेले हप्ते, मित्रासाठी हप्त्यावर घेतलेला फोन, किंवा बंद केले असे समजून सोडून दिलेल्या क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क यातून ही नोंद तयार होते. तिसऱ्या टप्प्याचे बोलावणे येताच आपला सिबिल अहवाल काढून पाहावा, थकबाकी भरून संबंधित बँकेकडून लेखी ना-देय पत्र घ्यावे, आणि नोंद अद्ययावत होईपर्यंत त्या पत्राची मूळ प्रत इतर कागदपत्रांसोबतच ठेवावी.