व्हॉइसमेल आणि ईपीएबीएक्सची जोडणी

कार्यालयातला फोन कोणी उचलला नाही किंवा तो व्यस्त असला, की कॉल आपोआप त्याच व्यक्तीच्या मेलबॉक्सकडे जावा आणि निरोप आल्याची खूण तिच्या फोनवर दिसावी, यासाठी कार्यालयाच्या ईपीएबीएक्स एक्स्चेंजला (कार्यालयातले फोन आपसांत व बाहेरच्या लाइनींशी जोडणाऱ्या यंत्राला) निरोप रेकॉर्ड करणारी व्हॉइसमेल यंत्रणा जोडतात. टेक्सासमधील गॉर्डन मॅथ्यूज यांना व्हॉइसमेलचे अमेरिकी पेटंट १९८३ मध्ये मिळाले.

तारा जोडणे हा यातला सोपा भाग. एक्स्चेंजची काही एक्स्टेन्शन्स (अंतर्गत लाइनी) व्हॉइसमेलच्या पोर्टांना, म्हणजे कॉल घेणाऱ्या जोडांना द्यायची, त्यांचा हंट ग्रुप (मोकळी लाइन शोधून कॉल देणारा गट) करून त्याला एक पायलट नंबर, म्हणजे सगळ्या गटाचा एकच नंबर, द्यायचा आणि टेबलावरच्या फोनांचे कॉल तिकडे फॉरवर्ड करायचे. अडचण पुढे येते. वळवलेला कॉलही पोर्टवर नुसती घंटी वाजवतो. तो मुळात, समजा, २१४ या एक्स्टेन्शनसाठी होता हे यंत्रणेला कळत नाही. मग जो नंबर फिरवून माणूस इथवर आला, तोच ती त्याला पुन्हा विचारते.

ही माहिती पोचवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे टोन. पोर्टने कॉल घेताच एक्स्चेंज मूळ एक्स्टेन्शनचे अंक त्याच लाइनवर वाजवतो. दुसरा मार्ग एसएमडीआय, म्हणजे कॉलची माहिती एक्स्चेंजकडून व्हॉइसमेलला मजकुराच्या रूपात देण्याची पद्धत. तीत आवाजाच्या लाइनींखेरीज वेगळी आरएस-२३२ सीरियल केबल लागते, वेग बहुधा १२०० बॉड. प्रत्येक कॉलमागे तिच्यावरून एक ओळ येते: पोर्ट कोणता, कॉल कोणासाठी, कोणाकडून आणि का वळला. व्यस्त असेल तर ‘बी’, उचलला नाही तर ‘एन’. निरोप आल्याची खूण म्हणून फोनवरचा दिवा लावण्या-विझवण्याची आज्ञा याच केबलवरून उलट जाते. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या, व्हॉइसमेल यंत्रणा बनवणाऱ्या ऑक्टेल कंपनीने आणखी एक युक्ती केली: आपली यंत्रणा एक्स्चेंजला त्याच्याच डिजिटल फोनसारखी भासवायची आणि त्या फोनच्या पडद्यावर येणारा मजकूर वाचायचा. एसआयपीमध्ये (इंटरनेटसारख्या नेटवर्कवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीत) मूळ नंबर कॉलच्या संदेशातच येतो; दिव्यासाठीचे मानक २००४ चे आहे.

भारतात ॲनालॉग जोडणी हमखास अडते ती फोन ठेवल्यावर. समोरच्याने कॉल कट केला हे यंत्रणेला अनेकदा एंगेज टोनवरूनच ओळखावे लागते. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. अमेरिकेचा ४८० व ६२० हर्ट्‌झचा मिश्र, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा. तिकडच्या सेटिंगवर राहिलेल्या व्हॉइसमेल यंत्रणेच्या कार्डाला (लाइनी जोडायच्या सर्किट बोर्डाला) आपला टोन ओळखू येत नाही. ते निरोप समजून टूं-टूं रेकॉर्ड करत बसते आणि ठरलेली कमाल वेळ संपेपर्यंत पोर्ट अडकून राहतो. असे दोन-तीन कॉल झाले की छोट्या कार्यालयाचे व्हॉइसमेल बंद पडल्यासारखेच. म्हणून बाहेरून फोन लावून, काही न बोलता कट करून पोर्ट मोकळा होतो का, हे आधी तपासावे.

व्हॉइसमेलच्या पोर्टांवर एसटीडी-आयएसडी बंद ठेवणेही आवश्यक असते. नाहीतर १२३४ सारखा पासवर्ड ओळखून कोणीही परका, यंत्रणेत बाहेर डायल करण्याची सोय असल्यास, कार्यालयाच्या बिलावर परदेशी फोन करू शकतो.