पिसवांची खाज की खरूज?

मृग लागला की आमच्या वाडीतली कुत्री पावसाच्या आडोशाला पडवीत येतात आणि तिथे रात्रभर त्यांचं खाजवणं ऐकू येतं. सकाळी कोणीतरी बघतं आणि म्हणतं, "खरूज झाली त्याला." पाठोपाठ सल्ला येतो, "जळकं ऑइल चोपड, उतरेल." अंगावरचा तो काळा थर चाटून काढणारी, मग जेवण सोडून कोपऱ्यात पडून राहणारी कुत्री मी पाहिली आहेत. जळकं ऑइल कातडीतूनही शरीरात भिनतं आणि चाटलं तर थेट पोटात जातं. फिनेल आणि रॉकेलचंही तेच. काहीही चोपडण्याआधी कुत्रं नेमकं कुठे खाजवतंय, एवढं तरी बघा, कारण खाजेची जागाच बरंच सांगून जाते.

आमचा मोती पाठीच्या मागच्या भागाला, शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडत बसायचा. तिथले केस गेले, कातडी लाल झाली. मीही खरूज समजून तीन आठवडे करंजेल लावत राहिलो आणि त्याची तळमळ काही थांबेना. एक दिवस ओला पांढरा पंचा अंथरला, मोतीला त्यावर उभा केला आणि बारीक दातांच्या फणीने शेपटीजवळचे केस विंचरले. पंचावर मिरपुडीसारखे काळे कण पडले. मातीच असेल असं वाटलं, पण मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. माती असती तर असा रक्ताचा रंग सुटला नसता. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे मोतीचंच पचलेलं रक्त.

पिसू दिसली एकही नव्हती. इथेच बहुतेक लोक फसतात. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, मग मोजके चावेसुद्धा पुरतात आणि खाज कितीतरी दिवस टिकते. शिवाय कुरतडताना कुत्रं पिसवा गिळून टाकतं. अशा गिळलेल्या पिसवेतून पोटात पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत, जातो. शेपटीखाली त्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर तोही पिसवांचा पुरावाच समजा.

खरजेची सुरुवात बहुधा दुसऱ्या टोकाला होते. कानाच्या कडा, पुढच्या पायांचे कोपर, मागच्या पायांच्या टाचा, छाती आणि पोट. पाठ बऱ्याचदा मोकळीच असते. खरजेचा किडा जेमतेम 0.2 ते 0.4 मिलिमीटरचा असतो. त्याची मादी कातडीत बोगदा करून आत अंडी घालते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी तो सापडणारच नाही. दिसतात त्या खपल्या, जाड झालेली कातडी आणि न थांबणारी खाज. एक साधी खूण आहे. कुत्र्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. खरूज असेल तर बहुतेक कुत्री लगेच त्याच बाजूचा मागचा पाय हवेत खाजवायला लागतात. ही खूण पक्की नाही, पण डॉक्टरही ती बघतात.

दुसरी खूण घरातल्या माणसांवर दिसते. कुत्र्याला उचलून घेणाऱ्या मुलाच्या हातांवर, पोटावर लाल पुरळ उठला आणि शेजारचं कुत्रंही खाजवू लागलं, तर खरजेचा संशय धरावा. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसावर फार काळ तग धरत नाही, कुत्रं बरं झालं की हा पुरळ सहसा ओसरतो. पिसवा माणसालाही चावतात, पण जास्त करून पायांच्या घोट्यांभोवती.

डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात किडा सापडला तर प्रश्न मिटला. नाही सापडला तरी खरूज नाही असं होत नाही, कारण किडे थोडे आणि खोलवर असतात. अशा वेळी डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात, ते बरोबरच आहे. केस गळून गोल चट्टे पडले आणि खाज फारशी नसेल तर गजकर्णासारखं तिसरंच काही असू शकतं, ते डॉक्टरांवर सोडा.

हल्ली फ्लुरालानेर, अ‍ॅफोक्सोलानेर या जातीच्या गोळ्या मिळतात, त्या पिसवांवर चालतात आणि खरजेवरही. मग फरक कशाला शोधायचा? कारण गोळीच्या पलीकडचं काम दोन्हीकडे वेगळं असतं. खरूज असेल तर त्या कुत्र्याच्या सहवासातल्या प्रत्येक कुत्र्याला औषध द्यावं लागतं, खाजवत नसलेल्यालाही, कारण लक्षणं दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात. आणि खाज थांबवण्यासाठी नुसतं स्टेरॉइडचं इंजेक्शन मागू नका. चार दिवस बरं वाटतं आणि आत किडे वाढत राहतात. गुरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणं तर जिवावर बेतू शकतं, कोलीसारख्या मेंढपाळ कुत्र्यांच्या जातींना विशेष. कुत्र्याला पूर्वी कधी आकडी आली असेल तर गोळी देण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

पिसवांची खरी लढाई घरात असते. अंगावर दिसतात त्या थोड्या, त्यांची अंडी, अळ्या आणि कोश जमिनीच्या भेगांत, गोणपाटात, पडवीच्या कोपऱ्यातल्या धुळीत असतात. आपली दमट हवा त्यांना मानवते. मोतीचं गोणपाट मी जाळलं, अंथरूण कढत पाण्यात धुतलं, सारवलेल्या पडवीच्या भेगा बुजवल्या आणि कोपरान् कोपरा रोज झाडला. मांजरालाही औषध दिलं, पण मांजराचं वेगळं. कुत्र्यासाठीच्या परमेथ्रिन या कीटकनाशकाच्या थेंबांनी मांजर मरू शकतं.

करंजेलाने खपली मऊ होते, पण नुसत्या त्यावर ना पिसवा जातात ना खरूज. आणि औषध सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा पिसू दिसली म्हणून ते सोडू नका. आधीच्या कोशांतून नव्या पिसवा महिना-दोन महिने निघत राहतात, त्या कुत्र्याच्या अंगावर चढल्या की औषधाने मरतात. मोतीच्या शेपटीवर केस यायला गणपती उजाडले.