पाण्याला 'क्हास' म्हणणारी माणसं

परवा एका मित्राने टिटिकाका सरोवराची रील पाठवली. पेरूतल्या पुनो शहराजवळ, समुद्रसपाटीपासून ३८१२ मीटर उंचीवर, तोतोरा नावाच्या पाणगवताचे थरावर थर टाकून बनवलेली तरंगती बेटं, त्याच गवताची घरं, त्याच गवताच्या होड्या. खाली लिहिलेलं की हे उरू लोक आणि ते आजही आपली प्राचीन उरू भाषा बोलतात. बेटं खरी, लोकही उरूच, पण भाषेचं चुकलंय. त्या बेटांवर आता आयमारा बोलतात आणि स्पॅनिश. १९२९ साली वॉल्टर लेहमान नावाचे जर्मन अभ्यासक पुनोच्याच परिसरातल्या चिमू गावात वही घेऊन गेले तेव्हाच तिथं उरू येणारी माणसं मोजकी उरली होती.

मला त्या रीलचा राग नाही आला, उलट बरं वाटलं, कारण या भाषाकुळाबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

कुळाचं नाव उरू-चिपाया. लहानसं कुळ आहे, भाषा दोनच. त्यातली उरू आता बोलण्यात राहिलेली नाही, ती चिमूच्या आणि बोलिव्हियातल्या इरोहितो गावच्या नोंदींमध्येच सापडते. दुसरी चिपाया. ती जिवंत आहे, बोलिव्हियाच्या ओरुरो भागात, कोइपासाच्या मिठागराजवळ, लाउका नदीच्या काठी सांता आना दे चिपाया गावात फार तर दोनेक हजार लोक ती बोलतात. चारी बाजूंनी आयमारा, वरून स्पॅनिश, तरी टिकून आहे. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेत ज्या ३६ आदिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिलाय त्यात उरू-चिपायाचं नाव आहे.

आता दोन भाषा एका कुळातल्या आहेत हे ठरवतात कसं? बहुतेकांना वाटतं की शब्द सारखे दिसले की झालं. इथंच मोठी गल्लत होते, आणि खरी पद्धत कळायला आपल्याला दक्षिण अमेरिकेत जायची गरजच नाही, मराठी आणि हिंदी शेजारी ठेवून बघा.

वीस-बीस, वाघ-बाघ, वीज-बिजली, वाळू-बालू, विकणे-बिकना, वांगं-बैंगन. मराठीत 'व' तिथं हिंदीत 'ब', आणि एकदा नाही, परत परत. हा जो नियमित *फरक* आहे ना, तो नात्याचा पुरावा, कारण योगायोगाने एखादा शब्द सारखा निघेल पण एकच फरक डझनभर शब्दांत रांगेने नाही निघणार. आता वकील घ्या. मराठीत वकील, प्रमाण हिंदीतही वकील. वजन, वसूल तसेच. हे 'बकील' का नाही झाले? कारण हे अरबी-फारसीतून नंतर आले, 'व'चा 'ब' होण्याची लाट तोपर्यंत ओसरली होती. म्हणजे जे शब्द अगदी तंतोतंत सारखे आहेत त्यांच्यावरच आधी संशय घ्यायचा! सगळ्यात छान जोडी वर्षाची आहे: वरीस-बरस हा घरचा, पिढ्यान्‌पिढ्या झिजत आलेला शब्द आणि वर्ष-वर्ष हा दोघांनीही संस्कृतातून नंतर जसाच्या तसा उचललेला.

अजून एक पायरी पुढे जाऊ, इथं जरा लक्ष द्यावं लागेल. बांधणे-बाँधना, बगळा-बगुला यात दोन्हीकडे 'ब'च आहे. म्हणजे हिंदीतल्या 'ब'समोर मराठीत कधी 'व' येतो कधी 'ब'. संस्कृतचं एक अक्षरही माहीत नसलेला माणूस यावरून काय म्हणेल? की पूर्वज भाषेत हे दोन वेगळे ध्वनी होते, मराठीने ते वेगळे ठेवले, हिंदीत एकमेकांत मिसळले. उलट का नाही म्हणायचं? कारण दोनाचा एक सहज होतो, पण एकदा मिसळले की कुठला 'ब' मूळचा कुठला हे बोलणाऱ्याला कळायचा मार्गच राहत नाही, मग तो परत वेगळे करणार कसे. भाषेची पुनर्रचना म्हणजे बरीचशी हीच: कुठल्या नातेवाईकाने कुठला भेद सांभाळून ठेवलाय ते शोधत मागे मागे जायचं.

आता चला अँडीजच्या पठारावर. तिथं अडचण अशी की उरू-चिपाया, आयमारा आणि केचुआ शेकडो वर्षं एकमेकांना खेटून राहिल्यात, त्यामुळे आधी उसनं काय आणि घरचं काय हे निवडावं लागतं, तांदळातले खडे निवडतात तसं. पोओपो सरोवराच्या काठचे उरू-मुरातो लोक स्वतःला साधारण 'कुत षोन्यी' म्हणतात, सरोवराची माणसं. ('कुत'मधला क पडजिभेपाशी, उर्दूतल्या 'क़लम'सारखा.) 'कुत' म्हणजे सरोवर. पण आयमारात सरोवराला 'कुता', केचुआत 'कुचा', बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराच्या नावात तोच आहे. तीन वेगळ्या भाषांत एकच शब्द, म्हणजे हा कुणीतरी कुणाकडून तरी घेतलेला, नातं ठरवायला तो चालत नाही. 'षोन्यी' म्हणजे माणूस, आयमारात माणसाला 'हाके', केचुआत 'रुना'. हा घरचा. पाण्याला चिपायात 'क्हास', आयमारात 'उमा', केचुआत 'याकू' किंवा 'उनू'. हाही घरचा. सूर्य 'थुन्यी', घर 'कुया', भाषा 'ताकू', हे सगळे उरूच्या नोंदीतही सापडतात. उरू लोक आपल्या भाषेला 'उचुमाताकू' म्हणायचे, आपली भाषा, आणि चिपाया लोक 'चिपाय ताकू'. एका नावाचं हे शेपूट दुसऱ्यालाही आहे. आणि 'कुत षोन्यी'सारख्या, लोकांनी स्वतःला दिलेल्या दोन शब्दांच्या नावात एक उसना आणि एक वारशाचा शब्द असा शेजारी बसलेला दिसला की मला फार आनंद होतो.

आकड्यांचंही तसंच. चिपायात एक ते चार आकडे स्वतःचे, साधारण त्शी, पिश्क, चेप, पाकपिक. पाचपासून पुढे आयमाराचे. बाजारात देवाणघेवाण वाढली की मोठे आकडे शेजाऱ्याचे येतात, लहान आकडे मात्र घरात राहतात. व्याकरण त्याहून चिवट असतं. चिपायात 'तो' म्हणजे 'नी' आणि 'ती' म्हणजे 'ना', असा लिंगभेद आहे, जो आयमारात नाही आणि केचुआतही नाही. इतकी शतकं शेजारी राहूनही ही गोष्ट त्यांनी सोडली नाही.

तंतोतंत साम्य किती फसवं असतं याचा नमुना इथंच आहे. 'उमा' म्हणजे आयमारात पाणी आणि केचुआत डोकं. इतक्या जवळच्या शेजाऱ्यांत, निव्वळ योगायोग. आणि आयमारात 'माया' म्हणजे एक हा आकडा. आता कुणी उमा-पार्वती आणि माया काढून अँडीजमध्ये संस्कृत पोचल्याचा फॉरवर्ड बनवला तर कृपया पुढे ढकलू नका. ही हौस जुनी आहे: १८७१ मध्ये अर्जेंटिनाच्या विसेंते फिदेल लोपेझ यांनी केचुआ ही आर्य भाषा असल्याचं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. उरूबाबतही दोनदा झालं. म्हातारे उरू आपल्या भाषेला 'पुकिना' म्हणायचे म्हणून १९२५-२७ मध्ये क्रेकी-मोंफोर आणि रिवे या अभ्यासकांनी तिला जुन्या, नष्ट झालेल्या पुकिनाशी एक करून टाकलं, प्रत्यक्षात त्या दोन पूर्ण वेगळ्या भाषा आहेत. मग १९६४-६५ मध्ये रोनाल्ड ओल्सन यांनी चिपायाचं नातं थेट चार हजार किलोमीटर लांबच्या माया भाषांशी जोडलं, बऱ्याच जणांनी ते मानलंही. १९७३ मध्ये लाइल कॅम्बेल यांनी ती यादी एकेक शब्द घेऊन तपासली: शेजारच्या भाषांतून आलेले उसने शब्द, आवाजाची नक्कल करणारे शब्द, अर्थ ताणून जुळवलेल्या जोड्या. हे सगळं वजा केल्यावर नात्याचा पुरावा उरत नाही. ओल्सन यांनी चिपाया गावात राहून केलेलं काम मोलाचंच आहे, पण चाळणी लावायच्या आधी निष्कर्ष काढला.

ही भाषा मागे का पडली? १६१२ च्या आपल्या आयमारा शब्दकोशात बेर्तोनियो या पाद्र्याने 'उरू' शब्दाचा अर्थच सगळ्यांनी तुच्छ मानलेले, मंदबुद्धीचे कोळी लोक असा दिलाय. जिथं आपल्या नावाचा अर्थ असा लावला जातो तिथं आईबाप पोरांशी आयमारात बोलायला लागले तर त्यांना काय दोष द्यायचा. त्यात आता सरोवरंही चाललीत. पोओपो, बोलिव्हियातलं दुसरं सगळ्यात मोठं सरोवर, २०१५ च्या डिसेंबरात कोरडं पडलं, आणि कुत षोन्यींचं कुतच गेलं.

'षोन्यी'कडे परत येतो, कारण माझा जीव त्या 'ष'मध्ये अडकलाय. चिपायात हा खरा मूर्धन्य ष आहे, जीभ वर वळवून काढलेला, स पेक्षा वेगळा. पेरूचे भाषातज्ज्ञ रोदोल्फो सेर्रोन-पालोमिनो यांच्या २००६ च्या चिपाया व्याकरणात तो वेगळा नोंदलाय. उरूच्या जुन्या वह्यांत मात्र त्याच शब्दात साधा स किंवा श दिसतो, 'सुन्यी' असं. मग काय समजायचं, उरूत दोन ध्वनी मिसळून एक झाले होते, आपल्या बीस-बाघसारखे? की १८९४ मध्ये आलेले उले, नंतरचे लेहमान आणि मेत्रो, या वह्या भरणाऱ्या अभ्यासकांचे जर्मन नि फ्रेंच कान तो फरक टिपू शकले नाहीत? पाण्याच्या शब्दाचंही तेच, कुठं 'कोआसी', कुठं 'कुआस', आणि चिपायातला 'क्हास' ऐकल्यावर कळतं की सगळ्यांना तोच घशातला क आपापल्या परीने लिहायचा होता. तिथं चिपाया जिवंत आहे म्हणून उलगडा होतो. पण उरू वह्यांत असेही शब्द आहेत ज्यांची जोडी चिपायात सापडत नाही, आणि तिथं लेहमानने क लिहिलाय तो साधा क की पडजिभेचा, हे विचारायला चिमूमध्ये आता कुणी नाही.