अडकलेल्या रिकिबीवरच्या चार शस्त्रक्रिया

इंग्लंडचे वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका बहिऱ्या बाईची हकिगत आहे. शेजारी ढोल वाजत असला तरच तिला बोलणे ऐकू येई, म्हणून नवऱ्याने घरात खास एक ढोलवाला नोकर ठेवला होता. गोष्ट चमत्कारिक वाटते, पण कानाच्या डॉक्टरांना असे रुग्ण आजही भेटतात. शांत खोलीत त्यांना कमी ऐकू येते आणि एसटीत किंवा गिरणीच्या खडखडाटात बोलणे नीट समजते. गोंगाटात समोरचा माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. तो चढलेला आवाज यांच्या आतल्या कानापर्यंत पोचतो, गोंगाट मात्र बाहेरच अडतो. एवढेच त्यामागचे कारण.

अडवणारी जागा फार लहान आहे. पडद्यामागे तीन हाडांची साखळी असते: हातोडा, ऐरण आणि रिकीब. घोडेस्वाराच्या रिकिबीसारखे दिसणारे हे तिसरे हाड, म्हणजे स्टेप्स, शरीरातले सर्वांत लहान हाड आहे. त्याची उंची जेमतेम ३ मिलिमीटर. त्याचा तळवा आतल्या कानाच्या अंडाकृती खिडकीत बसलेला असतो आणि आवाजाबरोबर आतबाहेर हलतो. पडद्याचे क्षेत्रफळ या तळव्याच्या सुमारे १७ पट आहे. त्यात हाडांच्या तरफेची भर पडते आणि हवेतला दाब आतल्या द्रवापर्यंत पोचताना साधारण २२ पट होतो. ऑटोस्क्लेरोसिस या रोगात खिडकीच्या काठचे हाड आधी भुसभुशीत होते, मग नव्याने वाढून कठीण होते आणि रिकिबीचा तळवा जागीच जखडतो. पडदा शाबूत, कान वाहत नाही, दुखत नाही. आवाज तेवढा दूर जात राहतो. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान हे सुरू होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ते अधिक आढळते आणि अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालते. गरोदरपणात ऐकणे आणखी कमी झाले असे बऱ्याच बायका सांगतात.

रिकीब जखडते हे सर्वांत आधी शवविच्छेदनात दिसले. इटलीचे अंतोनिओ वाल्साल्वा यांनी १८व्या शतकाच्या आरंभी त्याची नोंद केली. लंडनच्या जोसेफ टॉयन्बी यांनी हजारांवर कान कापून पाहिले आणि हा काही अपवाद नाही हे दाखवून दिले. टॉयन्बी यांचा शेवट चटका लावणारा आहे. कानात सतत होणाऱ्या आवाजावर उपाय शोधताना त्यांनी १८६६ साली क्लोरोफॉर्मचा प्रयोग स्वतःवरच केला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. जर्मनीच्या हाइनरिश रिन्ने यांनी १८५५ मध्ये नादकाट्याची साधी चाचणी सांगितली होती. कानाजवळ धरलेल्या काट्यापेक्षा कानामागच्या हाडावर टेकवलेला काटा मोठा ऐकू आला, तर आतला कान जागा आहे आणि दोष वाटेत आहे. आजही कानाच्या ओपीडीत ती केली जाते. व्हिएन्नाच्या आडाम पोलिट्झर यांनी १८९०च्या दशकात हा हाडाचाच स्वतंत्र रोग आहे हे सिद्ध केले आणि मग नाव स्थिर झाले.

दोष वाटेत आहे हे कळल्यावर वाट मोकळी करावी असे वाटणारच. जर्मन कानतज्ज्ञ योहान्नेस केसेल यांनी १८७०च्या दशकात रिकीब हलवण्याचे आणि काढण्याचेही प्रयत्न केले. फ्रान्सचे कामिय मिओ यांनी १८९० च्या सुमारास रिकीब हलवून सैल करण्याच्या सुमारे २०० शस्त्रक्रियांचा वृत्तांत दिला. बॉस्टनचे फ्रेडरिक जॅक तर सरळ रिकीब काढू लागले. दोन्ही कानांतल्या रिकिबी काढलेल्या त्यांच्या एका रुग्णाला दहा वर्षांनंतरही ऐकू येत होते, अशी नोंद आहे. ही नोंद पुढे फार कामाची ठरली.

पण १९०० साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या सगळ्या शस्त्रक्रिया निरुपयोगी आणि धोक्याच्या ठरवण्यात आल्या. पोलिट्झरांसारखी मोठी माणसे विरोधात होती. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे रिकिबीला हात लावायला कोणी धजावले नाही. हा निर्णय आंधळा होता असे पुष्कळदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. कपाळावरच्या आरशातून परावर्तित झालेल्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी, ३ मिलिमीटरच्या हाडाशी खेळायचे. खिडकी उघडी राहिली की आतला द्रव बाहेर येणार आणि जंतू आत जाणार. आतल्या कानापासून मेंदूच्या आवरणापर्यंत वाट फार लांब नाही, आणि प्रतिजैविके तेव्हा नव्हतीच. बहिरेपणाने माणूस मरत नाही, मेंदूज्वराने मरतो. त्या काळच्या साधनांनिशी पॅरिसचा निर्णय मला योग्यच वाटतो.

मग वळसा घालण्याचे दिवस आले. रिकीब जखडली तर जखडू दे, आतल्या कानाला दुसरीकडे नवी खिडकी पाडू, असा हा विचार होता. स्वीडनमध्ये गुन्नार होल्मग्रेन त्यावर काम करत होते. त्यांच्याच विभागातल्या कार्ल-ओलोफ नायलेन यांनी १९२१ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला आणि पुढच्याच वर्षी होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांचा आणला. शस्त्रक्रियेतला सूक्ष्मदर्शक डोळ्याच्या किंवा मेंदूच्या आधी कानात आला, ही गोष्ट कानाच्या डॉक्टरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे. फ्रान्सच्या मोरिस सुर्दिय यांनी नवी खिडकी तीन टप्प्यांत, महिन्यामहिन्यांच्या अंतराने करायची पद्धत बसवली आणि १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये तिच्यावर व्याख्यान दिले. तिथल्या ज्यूलियस लेम्पर्ट यांनी दुसऱ्याच वर्षी एका बैठकीत होणारी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. दंतवैद्याचे ड्रिल हाती घेऊन, कानाच्या वाटेनेच आत जाऊन, आतल्या कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेत ते खिडकी पाडत. हे फेनेस्ट्रेशन. अमेरिकेतल्या एका पिढीने ते लेम्पर्ट यांच्याकडून शिकून घेतले. पायाभूत विचार सुर्दिय यांचा होता, हे मात्र सांगितले पाहिजे.

फेनेस्ट्रेशनने हजारो लोकांना ऐकू येऊ लागले. किंमतही जबर होती. शस्त्रक्रियेनंतर दिवसेंदिवस चक्कर. कानामागचे हाड कोरल्याने उरलेली पोकळी डॉक्टरांकडून आयुष्यभर साफ करून घ्यायची. काही जणांत हाड पुन्हा वाढून खिडकी बुजायची. आणि सगळे सुरळीत झाले तरी ऐकणे पूर्ववत होत नसे. पडदा आणि हाडे मिळून जी २२ पट वाढ करतात ती वळसा घातल्यामुळे हातची जाई. २० ते २५ डेसिबलची तूट कायम राही.

पुढचे पाऊल अनपेक्षितपणे पडले. १९५२ साली न्यूयॉर्कचे सॅम्युअल रोझेन एका रुग्णाची रिकीब खरोखरच जखडली आहे ना, हे सळईने चाचपून पाहत होते. फेनेस्ट्रेशनआधीची ती खातरजमा होती. भूल फक्त जागेपुरती होती, रुग्ण शुद्धीवर होता. चाचपताना रिकीब सुटली आणि त्याला टेबलावरच ऐकू येऊ लागले. रोझेन यांनी पुढची शस्त्रक्रिया केलीच नाही. मिओ यांनी साठ वर्षांपूर्वी जे केले होते तेच हे होते. आता मात्र पेनिसिलिन होते, चांगला उजेड होता, आणि १९५३ मध्ये झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शकही बाजारात आला. वेळ कमी, पोकळी नाही, चक्कर थोडी, आणि साखळी शाबूत राहिल्याने ऐकणे फेनेस्ट्रेशनहून चांगले. एकच खोट होती, पण ती मोठी होती. रोग तिथेच राहायचा आणि बऱ्याच जणांची रिकीब काही महिन्यांत किंवा वर्षांत पुन्हा जखडायची.

हा तिढा मेम्फिसच्या जॉन शे यांनी सोडवला. जॅक यांचे जुने काम त्यांना ठाऊक होते. रिकीब काढल्यावरही माणसाला ऐकू येऊ शकते, मग खिडकी नीट झाकली तर? १ मे १९५६ रोजी ५४ वर्षांच्या एका बाईच्या कानातली जखडलेली रिकीब त्यांनी पूर्ण काढली, उघडी खिडकी शिरेच्या तुकड्याने झाकली आणि ऐरण व त्या झाकणाच्या मध्ये टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. शिरेचा तो पातळ तुकडा मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वस्तू वाटतो. त्याने आतला द्रव आत राहिला, जंतू बाहेर राहिले, आणि आवाजाला वाटही मिळाली. पॅरिसच्या परिषदेने घेतलेल्या आक्षेपाचे उत्तर असे शिरेच्या झाकणाने दिले. ही स्टेपेडेक्टमी दहाएक वर्षांत जगभर पसरली आणि फेनेस्ट्रेशन मागे पडले.

तरी शे यांची पद्धतही जशीच्या तशी टिकली नाही. अख्खा तळवा ओढून काढताना आतला कान ढवळला जातो, आणि त्याचा फटका बसतो तो मुख्यतः वरच्या पट्टीच्या आवाजांना. त्यामुळे आधी अर्धाच तळवा काढायला सुरुवात झाली आणि पुढे तळव्याला एक मिलिमीटरहूनही लहान भोक पाडून त्यात पिस्टन सोडायची स्टेपेडोटॉमी आली. पिस्टन टेफ्लॉनचा किंवा टायटॅनियमचा, जाडी बहुधा ०.४ ते ०.६ मिलिमीटर. त्याचे दुसरे टोक आकड्यासारखे ऐरणीच्या लांब दांड्याला अडकवतात. अमेरिकेच्या रॉडनी पर्किन्स यांनी १९७८ मध्ये हे भोक आर्गॉन लेसरने पाडले. लेसरने तळव्याला हात न लावता भोक पडते, म्हणून तळवा सुटून आत बुडण्याची भीती कमी होते. ड्रिल आणि लेसर यांच्या निकालांत मात्र, हात सरावलेला असेल तर, फार मोठा फरक पडत नाही असे मला वाटते.

रिकीब सैल करणे, फेनेस्ट्रेशन, स्टेपेडेक्टमी आणि स्टेपेडोटॉमी या चारही पद्धती शेजारी ठेवून टक्केवारी लावणे सोपे आहे, पण त्यातून दिशाभूल होते. मिओ आणि रोझेन यांची कृती जवळजवळ एकच, जॅक आणि शे यांचीही. मिओ आणि जॅक अपेशी ठरले आणि रोझेन व शे यशस्वी, ते मधल्या काळात आलेल्या सूक्ष्मदर्शकामुळे, प्रतिजैविकांमुळे आणि झाकणाच्या कल्पनेमुळे. हाताचे कौशल्य केसेल यांच्याकडे कमी होते असे मानायला काही आधार नाही.

आजची स्थिती अशी: अनुभवी हातात दहापैकी नऊ जणांत वाटेतला अडथळा जवळपास पूर्ण दूर होतो. शंभरातल्या सुमारे एकाचा तो कान कायमचा जाऊ शकतो. म्हणून जो कान जास्त वाईट आहे त्यावर आधी शस्त्रक्रिया करतात, आणि एकाच कानाने ऐकू येत असेल तर त्याला हात लावत नाहीत. चवीची एक नस वाटेतच असल्याने जिभेच्या एका बाजूला काही आठवडे विचित्र चव राहते. शस्त्रक्रिया नको असेल तर श्रवणयंत्र आहेच, आणि या रोगात ते फार छान चालते, कारण बहुतेकांचा आतला कान शाबूत असतो. रोझेन यांच्या त्या शोधाच्याच वर्षी, १९५२च्या डिसेंबरात, ट्रान्झिस्टर बसवलेले पहिले श्रवणयंत्र विक्रीला आले. हा पर्याय डॉक्टरांनी रुग्णाला आधी समजावून सांगायला हवा.

आपल्याकडे कानाच्या शस्त्रक्रियेचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो वाहणारा कान आणि फाटलेला पडदा, आणि ते साहजिक आहे, कारण आपल्याकडे तोच आजार जास्त. त्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास निराळा, व्हुल्स्टाइन आणि झ्योल्नर या जर्मन शल्यचिकित्सकांनी १९५०च्या दशकात घडवलेला. त्यामुळे पडदा धडधाकट असताना ऐकू कमी येणारी तिशीची बाई 'वयच झालं असेल' किंवा 'लक्षच देत नाही' असे ऐकत वर्षे काढते. नादकाटा दोन मिनिटांत तिला योग्य दार दाखवू शकतो.

काहींत हा रोग खिडकीवर न थांबता आतल्या कानाच्या भिंतीत उतरतो. तेव्हा पिस्टन पुरत नाही, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात इलेक्ट्रोड सोडून ऐकण्याच्या नसेला विजेने चेतवणारे यंत्र, लागते. तिथेही हाडाचा भुसभुशीतपणा आडवा येतो. वीज हाडातून पाझरून शेजारच्या चेहऱ्याच्या नसेपर्यंत जाते आणि आवाज आला की गाल फडफडतो. मग ऑडिओलॉजिस्ट एकेक इलेक्ट्रोड तपासत बसतो आणि ज्याने गाल हलतो तेवढा बंद करतो.