गावात ना-नफा संगीत विद्यालयाचा वर्ग: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

शहरातील नोंदणीकृत, ना-नफा संगीत विद्यालयाने आठवड्यातून एक-दोन दिवस आपल्या गावी येऊन मुलांना शिकवावे, असे वाटत असल्यास मागणी लेखी करावी लागते. अर्जदार म्हणून एखाद्या हौशी व्यक्तीपेक्षा जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत किंवा नोंदणीकृत भजन मंडळ पुढे यावे, कारण ती व्यक्ती नोकरीनिमित्त गाव सोडून गेली की वर्गाला वाली उरत नाही. अर्जाचा नमुना प्रत्येक विद्यालयाचा वेगळा असला, तरी त्यासोबत लागणारे कागद बहुतेक सारखेच असतात.

अर्ज अडतो तो बहुधा जागेपाशी. समाजमंदिर ग्रामपंचायतीच्या मालकीचे असल्यास मासिक सभेत ठराव घ्यावा आणि त्याची प्रत सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या सही-शिक्क्यानिशी जोडावी. ठरावात वार, वेळ, कालावधी, वीजबिल कोण भरणार आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे सर्व स्पष्ट लिहावे. ‘जागा देण्यास हरकत नाही’ एवढ्याच मजकुराचा ठराव पुढे गणपतीत किंवा लग्नसराईत काहीच कामाचा राहत नाही. वर्ग शाळेत भरणार असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असल्याने पालकांची संमती येथेच बरीचशी मिळून जाते.

गावानेही विद्यालयाकडून कागद मागावेत. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये झालेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावेच, पण त्याहून महत्त्वाचा असतो तो परिशिष्ट १ चा अलीकडचा उतारा, कारण सध्याचे विश्वस्त कोण हे त्यावरूनच कळते. विश्वस्त बदलल्यास कलम २२ अन्वये ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. प्रत्यक्षात असे अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित राहतात आणि उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच दिसतात, म्हणून अशा वेळी दाखल केलेल्या बदल अर्जाची पोचही मागून घ्यावी. वर्ग मोफत आहे की नाममात्र शुल्काचा, हेही लेखी असावे.

विद्यार्थ्यांसाठी शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र, आधारची प्रत, दोन छायाचित्रे आणि पालकांचे संमतीपत्र पुरते. पूर्वी गाणे शिकलेले असण्याची अट सहसा नसते. शिक्षकाचे पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मात्र अर्जाच्या वेळीच मागावे, आणि मुलींची संख्या जास्त असल्यास वर्गात गावातील एखादी महिला पालक उपस्थित राहील अशी व्यवस्था ठरावातच नमूद करावी. वर्गाची वेळ ठरवताना परतीची शेवटची एस. टी. कितीला आहे ते पाहावे. शिक्षक मुक्कामी राहणार नसतील, तर सायंकाळी सातचा वर्ग कागदावरच राहतो.

अर्जातील ‘उपलब्ध वाद्ये’ हा रकाना रिकामा सोडू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेमुळे आपल्याकडे विदर्भात गुरुदेव सेवा मंडळांत खंजिरी असते, पेटी-तबलाही बहुधा असतो. पेटीचा भाता हवा धरतो का, तबल्याची पुडी फाटली आहे का, एवढे तपासून खरी स्थिती लिहावी, म्हणजे कोणती वाद्ये आणावी लागतील याचा अंदाज विद्यालयाला येतो.

परीक्षेला बसवायचे असल्यास ते अर्जातच कळवावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या सत्रांत होतात आणि अर्ज संलग्न केंद्रामार्फत भरला जातो. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे येते, तेव्हा मोठी मुले वर्गात कमी आणि वावरात जास्त असतात; त्यामुळे पहिल्या परीक्षेसाठी एप्रिल-मे हेच सत्र मला सोयीचे वाटते. मान्यताप्राप्त संस्थांच्या शास्त्रीय संगीत परीक्षा ठरलेल्या संख्येने उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीला अतिरिक्त गुण मिळू शकतात. त्यासाठीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनीच विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम जिल्ह्यांसाठी अमरावतीला, तर उर्वरित विदर्भासाठी नागपूरला. एकाहून अधिक परीक्षा द्यायच्या म्हणजे काही वर्षे जातातच, म्हणून या गुणांचा विचार असलेल्या पालकांनी मुलांची नावे पाचवी-सहावीतच नोंदवावीत आणि प्रत्येक परीक्षेचे मूळ प्रमाणपत्र जपून ठेवावे.