जुना रंगीत टीव्ही घेताय? आधी ट्यूब पाहा

शटरचं लाकडी कॅबिनेट, कडेला बटणांची रांग आणि किंचित फुगीर पडदा. असा सेट जुन्या बाजारात दिसला की मोह होतोच. पण कॅबिनेटला पॉलिश करता येतं आणि नॉबही शोधले की सापडतात. चांगली 20 इंची पिक्चर ट्यूब, म्हणजे पडद्यामागची काचेची मोठी नळी, मात्र आता नवी मिळत नाही. म्हणून सेटची किंमत ट्यूबवरून ठरवा, कंपनीच्या नावावरून नव्हे.

सेट ओळखायचा कसा

भारतात रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये सुरू झालं, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी. 'पंचाहत्तर सालचा देशी रंगीत टीव्ही' म्हणून कोणी सेट दाखवला, तर तो ब्लॅक अँड व्हाइट तरी असेल किंवा बाहेरून आलेला. ऐंशीच्या दशकात बऱ्याच कंपन्या आयात केलेले किट जोडून सेट बनवत. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या कॅबिनेटमध्ये एकच चॅसी, म्हणजे आतला सर्किटचा सांगाडा, निघाली, तरी फसवणूक झाली असं समजू नका.

मागचं कव्हर काढलेलं असेल तर ट्यूबवरचं लेबल वाचा. युरोपीय पद्धतीच्या जुन्या क्रमांकात 'ए51' म्हणजे 51 सेंटीमीटरची ट्यूब. शेवटी 'एक्स' असेल तर रंगीत, 'डब्ल्यू' असेल तर ब्लॅक अँड व्हाइट. जपानी पद्धतीत रंगीत ट्यूबचा क्रमांक 'बी22' वर संपतो. चालू पडद्यावर दहापट भिंग धरलं की लाल, हिरवे, निळे उभे तुकडे दिसतात. तुकड्यांऐवजी वरपासून खालपर्यंत सलग रेघा असतील आणि पडद्यावर केसाएवढी एक आडवी सावली असेल, तर ती ट्रिनिट्रॉन, म्हणजे सोनीची खास ट्यूब. ती सावली आतल्या आधाराच्या तारेची असते. तो दोष नव्हे.

साल शोधायला आयसी, म्हणजे सर्किटवरच्या काळ्या चिप, उपयोगी पडतात. पुष्कळ आयसींवर चार आकडे छापलेले असतात: 8714 म्हणजे 1987 सालचा चौदावा आठवडा. एकाच आयसीवर विसंबू नका, कारण तो दुरुस्तीत बदललेला असू शकतो. तीन-चार आयसींचे आकडे जवळपास जुळले, तर सेट त्यानंतर थोड्याच काळात बनलेला असतो.

कोकणात गल्फहून आणलेले सेट अजून निघतात. त्यांतले बरेच मल्टिसिस्टिम, म्हणजे अनेक देशांच्या प्रक्षेपण पद्धतींवर चालणारे, असल्याने इथे चालतात. अमेरिकेहून आलेल्या सेटचं तसं नाही. त्यात रंगांच्या सिग्नलसाठीचा क्रिस्टल 3.58 मेगाहर्ट्झचा असतो आणि सप्लाय 120 व्होल्टचा. थेट 230 व्होल्टवर लावला तर सप्लाय जळतो, आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवला तरी आपल्या पाल सिग्नलवर (पाल ही भारतातली रंगीत प्रक्षेपणाची पद्धत) रंग येत नाहीत. पाल सेटमध्ये क्रिस्टल 4.43 किंवा 8.86 चा असतो.

पहिल्यांदा चालू करताना

वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावू नका. 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटला जाणारी वीज त्यातूनच जाईल असा, जोडा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंदावला तर ठीक. तो झटका डीगॉसिंग कॉइलचा; ती चालू करताना ट्यूबमधलं नको असलेलं चुंबकत्व घालवते. बल्ब भरभरून पेटलेलाच राहिला तर सप्लायमध्ये किंवा हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये (पडद्यावर आडव्या रेघा काढणाऱ्या सर्किटचा मुख्य ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे. तिथेच थांबा.

चित्र आलं की पाच मिनिटं नुसतं बघा. ट्यूब चांगली असेल तर 15 ते 20 सेकंदांत उजेड स्थिरावतो. दोन-तीन मिनिटं चित्र हळूहळू उजळत राहिलं, किंवा कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर पांढरा भाग चांदीसारखा पसरला, तर एमिशन, म्हणजे ट्यूबमधून निघणारा इलेक्ट्रॉनचा झोत, उतरलं आहे. पांढऱ्यावर निळसर-हिरवी झाक म्हणजे लाल रंग कमी पडतोय. पण लगेच ट्यूबला दोष देऊ नका, कारण ट्यूबच्या सॉकेटवरच्या छोट्या बोर्डावर ड्राय सोल्डर (सुटत आलेला जोड) असला तरी हेच दिसतं. कोपऱ्यात रंगांचे डाग दिसले तर बहुतेक डीगॉसिंगचा थर्मिस्टर गेलेला असतो. तो स्वस्तात बदलतो.

'ट्यूब रिज्युव्हिनेट केली आहे', म्हणजे यंत्राने तात्पुरती ताजी केली आहे, असं विक्रेता म्हणाला, तर आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांचा सल्ला आहे की त्या सेटला जास्त पैसे देऊ नका. ती उजळी अनेकदा काही महिन्यांतच ओसरते.

सप्लायमधले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या फीडबॅकच्या वाटेवरचा एक सुकला की साधारण 110 व्होल्टचा बी-प्लस (सप्लायमधून निघणारं मुख्य व्होल्टेज) वर चढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळतो. नुसता ट्रान्झिस्टर बदलला तर नवाही जातो. म्हणून आम्ही सप्लायचे सगळे छोटे कपॅसिटर एकदमच बदलतो, बी-प्लस मोजतो आणि मगच ट्रान्झिस्टर बसवतो.

घरी

दूरदर्शनचं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडे बंद झालं आहे, त्यामुळे आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे सेट-टॉप बॉक्ससारख्या यंत्राचं चित्र आणि आवाज सेटच्या अँटेनाच्या जागी देणारा छोटा डबा, लागेल. तो पाल बी/जी पद्धतीचा, म्हणजे ज्यात आवाजाचा सिग्नल चित्रापासून 5.5 मेगाहर्ट्झवर असतो असा, घ्या; नाहीतर चित्र येईल पण आवाजाऐवजी खरखर. सेटला फक्त व्हीएचएफ (खालच्या चॅनेलचा पट्टा) ट्यूनर असेल तर यूएचएफ (वरच्या चॅनेलचा पट्टा) मॉड्युलेटरचा उपयोग नाही. अनेक जुन्या सेटची चॅसी मेनशी, म्हणजे घरच्या विजेशी, थेट जोडलेली असते. त्यात एव्हीचं (चित्र-आवाजाची वायर थेट लावायचं) भोक पाडून वायर काढणं जिवावर बेतू शकतं. कृपया ते करू नका.

मागचं कव्हरही स्वतः उघडू नका. सेट बंद केल्यावरही ट्यूबच्या अॅनोडवर (उच्च व्होल्टेज देणाऱ्या जोडावर) हजारो व्होल्ट राहू शकतात. उचलताना पडदा छातीकडे धरा आणि ट्यूबच्या मागच्या मानेला, म्हणजे बारीक टोकाला, धक्का लागू देऊ नका. मान तडकली की ट्यूब संपली. पावसाळ्यात दर आठवड्याला अर्धा तास सेट चालवा. अॅनोडच्या रबरी टोपीजवळ सूं सूं आवाज आला किंवा ओझोनचा उग्र वास आला, तर लगेच प्लग काढा आणि सेट तपासायला आणा.