फक्त दह्याने स्नायू टिकतात का?

‘रोज वाटीभर दही खा, पोटातले चांगले जिवाणू वाढतील आणि व्यायामाशिवायही स्नायू बळकट राहतील’, असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे. तो खरा वाटावा असा आधार त्यात आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा.

मोठ्या आतड्यातले जिवाणू डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी यांतील न पचलेले तंतू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांतील ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराला पोसते, तर ॲसिटेट रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोहोचते. जिवाणूरहित वाढवलेल्या उंदरांचे स्नायू लहान राहिल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. मात्र स्नायूला प्रथिने बांधण्याची मुख्य सूचना त्याच्यावर पडणाऱ्या ताणातून मिळते.

याचा पुरावा अनेक घरांत सापडेल. प्लास्टरमध्ये सहा आठवडे राहिलेला पाय प्लास्टर काढल्यावर दुसऱ्या पायापेक्षा बारीक दिसतो. दोन्ही पायांना रक्त तेच, आहार तोच, आतड्यातले जिवाणूही तेच. फरक फक्त हालचालीचा. शंका असल्यास दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजून पाहावा.

उलट, नियमित व्यायामाने ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू वाढतात आणि व्यायाम थांबल्यावर ते पुन्हा घटतात, असेही आढळले आहे. दही अवश्य खावे, त्यातून प्रथिनेही मिळतात. पण त्यात तंतू नसतात, आणि जिन्याच्या पायऱ्यांचे काम ते करू शकत नाही.